पांढऱ्या शालीतली बाई

पोर्तोच्या मिरागाया वस्तीतल्या आमच्या गल्लीत प्रत्येक घराकडे मिरवायला काही ना काही होतं. कुणाचा आजा ब्राझीलहून सोन्याचा दात बसवून आला होता, कुणाच्या ओसरीवर बिशप एकदा पाणी प्यायला होता. एतेलव्हीनाकडे मिरवायला आई होती. खरं तर आई नव्हतीच. एतेलव्हीना दीड वर्षाची असताना, अठरा सालच्या तापाच्या साथीत ती गेली. पण त्याच उन्हाळ्यात ती एका मूकपटात उभी राहिली होती, आणि तो मूकपटही पुढे हरवला. म्हणजे नसलेली आई नसलेल्या फितीत होती. गल्लीतल्या टवाळांना एवढं पुरे होतं. "एतेलव्हीनाची आई म्हणजे ब्राझीलच्या काकाची इस्टेट," ते म्हणायचे, "ऐकायची, बघायची नाही."

मूकपटाचं नाव 'घरचं मीठ'. त्याआधी ते नाटक होतं आणि आजही आहे. आमच्या उत्तरेत असं गाव नाही जिथल्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये हौशी मंडळींनी ते एकदा तरी पाडलं नसेल. आव्हेरूच्या मिठागरांचा मालक जासिंतू, त्याची मुलगी रोझारिया, आणि तिला पळवून नेणारा होडीवाला. तिसऱ्या अंकात रोझारिया परत येते, कडेवर पोर, डोक्यावर पांढरी शाल. विहिरीपाशी उभी राहते. म्हातारा बाहेर येतो. तिथून पुढे अख्खा हॉल रुमाल काढतो, आणि ज्याच्याकडे रुमाल नसतो तो बाहीनं भागवतो.

अठरा साली पोर्तोतल्या एका नाटक कंपनीनं त्याची फीत काढली, पाच रिळांची. एक हिवाळा ती शहरात चालली, मग गावोगाव फिरली, आणि मग कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. लोक म्हणत, असल्या जुन्या फिती कंगव्यांच्या कारखान्यात गेल्या, वितळून कंगवे झाल्या. एतेलव्हीनानं हे लहानपणी ऐकलं होतं. जत्रेत कंगवेवाल्याच्या पाटीपुढे ती एकेक कंगवा उजेडात धरून बघायची. वेळ लागला की कंगवेवाला ओरडायचा. मोठी झाल्यावर ते खूळ गेलं, असं ती सांगायची. पण साठी उलटली तरी तुटका कंगवा तिच्यानं कधी फेकवला नाही.

फोटो एकही नव्हता. ताप गेल्यावर पालिकेची माणसं आली आणि गादी, कपडे, खाटेखालची पेटी, सगळं रस्त्यावर आणून जाळून गेली. आईला मोठ्या खड्ड्यात इतरांबरोबर पुरलं. बाप आधीच फ्लँडर्सच्या लढाईत मारला गेला होता. तो त्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता, रंगमंचाखालच्या खड्ड्यात बसून नटांना ओळी पुरवणारा. त्याचा निदान गणवेशातला फोटो होता. एतेलव्हीनाच्या कपाटावर तो बाप होता, जिनं वाढवलं ती झुल्मिरा मावशी होती, फ्रान्सला गेलेला मुलगा आणि त्याची पोरं होती. मावशी वारली तेव्हा एतेलव्हीनानं तिच्या कबरीवर चिनी मातीचा अंडाकृती फोटो बसवला, आमच्याकडे बसवतात तसा. आणि शेजारी तसलंच एक रिकामं कोंदण बसवून घेतलं, आईसाठी. गवंडी म्हणाला, "बाई, मोकळं कोंदण वाईट दिसतं." ती म्हणाली, "तुझं काम कोंदण लावायचं. तोंड मी आणीन."

दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, सर्व संतांच्या दिवशी, बायका शेवंती घेऊन कबरी धुवायला जायच्या आणि त्या रिकाम्या कोंदणाकडे तिरक्या नजरेनं बघायच्या. एतेलव्हीना ते कोंदण फोटो असल्यासारखंच फडक्यानं पुसून घ्यायची.

झुल्मिरा मावशी इस्त्रीवाली होती. आख्ख्या पोर्तोच्या सदऱ्यांच्या कॉलरी तिच्या हाताखालून जायच्या, आणि इस्त्री फिरवता फिरवता ती 'घरचं मीठ' म्हणायची. पहिल्या अंकापासून शेवटापर्यंत, सगळ्यांची भाषणं, म्हाताऱ्याची जाड आवाजात आणि पोरीची बारीक. "तुझी आई रात्री घरी म्हणायची," ती सांगायची. "ऐकून ऐकून मला पाठ झालं." मावशीचं ऐकून एतेलव्हीनाला झालं. इतर पोरी प्रार्थना पुटपुटत झोपायच्या, ही तिसरा अंक पुटपुटत झोपायची. एकदा तिनं विचारलं होतं, "मावशी, आई तर पांढऱ्या शालीतली होती म्हणतेस ना? मग तिला म्हाताऱ्याची भाषणं कशाला पाठ?"

मावशीनं इस्त्री उभी केली. "हुशार होती म्हणून," ती म्हणाली. मग बोटाला थुंकी लावून तिनं इस्त्रीचा ताव बघितला आणि पोरीला कोळसा आणायला पिटाळलं.

*

एकोणऐंशी सालच्या ऑक्टोबरात एका सकाळी शेजारची कुस्तोदिया हातात वर्तमानपत्र नाचवत जिना चढून आली. कुस्तोदियाचा आवाज असा की तिनं गुपित सांगितलं तरी नदीपलीकडे ऐकू जावं.

"अगं ए, ऊठ! तुझी आई सापडली!"

एतेलव्हीना कोबी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. "सकाळी सकाळी चढवलीस काय गं?"

"चढवीन मग, आधी हे वाच. नको, तुझा चष्मा सापडेपर्यंत दुपार होईल, मीच वाचते."

बातमी ओव्हार गावची होती. तिथल्या अग्निशमन दलाचा जुना हॉल पाडताना रंगमंचाखाली, प्रॉम्प्टर बसतो त्या खड्ड्यात, पत्र्याचे पाच डबे सापडले होते. ती जुनी फीत म्हणजे निव्वळ दारूगोळा, काडी लागायचा अवकाश. आगीशी लढणाऱ्यांनी साठ वर्षं तो आपल्याच बुडाखाली सांभाळला होता. डब्यांवर 'घरचं मीठ' असं लिहिलं होतं. चार रिळांचा चिकट काकवीसारखा राबडा झाला होता. एक वाचलं होतं. तिसरा अंक. फितीत काम केलेल्यांविषयी कुणाला काही माहिती असेल तर त्यांनी डॉक्टर व्हाल्देमार किंतेला यांना भेटावं, असं खाली दिलं होतं.

"तिसरा," एतेलव्हीना म्हणाली.

"तेच तर! पाचांतून नेमका तिसरा! मी उगाच नाही संत अंतोनीला मेणबत्ती लावत."

"तू मेणबत्ती तुझी चावी हरवली म्हणून लावली होतीस."

"मग काय झालं? चावी नाही मिळाली. त्यानं त्याच्याजवळ होतं ते दिलं."

एतेलव्हीना हसली नाही. तिनं चिरलेला कोबी तसाच पातेल्यात लोटला आणि हात पुसत खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिला भीती वाटत होती. आयुष्यभर जे मागितलं ते दारात येऊन उभं राहिलं की वाटते तशी भीती.

डॉक्टर किंतेला हा काही औषधं देणारा डॉक्टर नव्हे. आमच्याकडे चार बुकं शिकलेल्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात. पस्तिशीचा, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर, आणि जुन्या फितींचा वेडा. त्यानं तिला अदबीनं 'दोना' म्हणत खुर्ची दिली, कॉफी मागवली, आणि ती कॉफी तिच्यापुढे ठेवायची विसरून स्वतःच पिऊन टाकली.

"पहिलं रीळ गेलं, दोना एतेलव्हीना, त्यामुळे नावं गेली. कोण कोण होतं, काहीच कळत नाही. एक लोबातू तेवढा ओळखू येतो, म्हाताऱ्याचं काम केलेला. तो मोठा नट. तुमच्या आईंची भूमिका कोणती?"

"पांढऱ्या शालीतली बाई. विहिरीपाशी उभी राहते ती."

किंतेलाचे डोळे चमकले. "म्हणजे नायिका!" त्यानं आईचं नाव विचारलं आणि घाईघाईनं कागदावर लिहिलं: लुदोव्हीना. "साठ वर्षांनी नाव मिळालं बघा. इतिहासात जाईल हे."

"इतिहासाचं राहू द्या, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "तिचं तोंड दिसतं का?"

"दिसतं. अगदी जवळून."

मग तिनं पिशवीतून एक अंडाकृती कापलेला पुठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला. "एवढ्या मापाचा फोटो काढून मिळेल का? संतांच्या दिवसाच्या आत. खर्च मी देईन."

"खर्च कसला बाई!" किंतेला म्हणाला. तो पुठ्ठा त्यानं फार जपून कागदांत ठेवला. माणूस भला होता.

*

शनिवारी दुपारी किंतेलाच्या चित्रपट मंडळाच्या छोट्या सभागृहात ते एक रीळ दाखवायचं होतं. सकाळी एतेलव्हीनानं केस सेट करून घेतले. आयुष्यभर मातोझीन्यूशच्या कारखान्यात सार्डिन मासे डब्यात भरणाऱ्या बाईनं केसांना एवढा वेळ कधी दिला नव्हता.

"आई तुला बघणार आहे की तू आईला?" कुस्तोदियानं विचारलं.

"गप बस."

"बसते. पण छान दिसतेस हो."

तीसेक माणसं होती. बहुतेक दाढीवाली पोरं आणि त्यांच्या मैत्रिणी. या दोघी मध्यावर बसल्या. मागच्या रांगेत बेरे टोपी घातलेला एक वाळका म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. अंधार व्हायच्या आधी किंतेला पुढे येऊन बोलला. कॅमेरा म्हणे एकाच जागी ठेवलेला, नाटकाचा प्रेक्षक जणू. आणि विहिरीपाशी लोबातूचा तो गाजलेला विराम बघा, त्या काळी एका समीक्षकानं लिहिलं होतं, की त्या गप्प उभं राहण्यात एका बापाचं सगळं काळीज दिसतं. मागचा म्हातारा फिस्सकन हसला. कुणी लक्ष दिलं नाही.

पडद्यावर मिठाचे ढीग उजळले. पांढरे, एकामागे एक. वारा असावा, कारण बायकांचे डोक्यावरचे रुमाल एकाच बाजूला उडत होते. अंगण आलं, विहीर आली. एतेलव्हीनानं कुस्तोदियाचा हात धरला. आणि डाव्या बाजूनं ती आली.

पांढरी शाल, कडेवर पोर. आधी पाठ दिसली. मग ती विहिरीच्या काठाला टेकली आणि सावकाश वळली. उंच, भरदार बाई. मोठे काळे डोळे, रुंद जिवणी. एतेलव्हीनानं त्या चेहऱ्यात स्वतःला शोधलं. आपलं नाक, आपलं कपाळ, मुलाची हनुवटी, नातीचे डोळे. काहीच सापडेना. साठ वर्षांनी भेटतोय, तिनं मनाला समजावलं, ओळख पटायला वेळ लागणारच. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई!"

कुस्तोदियाला हुंदका फुटला.

"कोण आई?" मागून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला. "अहो, ती पाल्मिरा! पाल्मिरा सेकैरा! पुढच्याच वर्षी एका दात काढणाऱ्या डॉक्टरबरोबर ब्राझीलला पळाली. तिला कसलं मूल नि बाळ?"

"गप बसा हो आजोबा," कुस्तोदिया मागे वळून कडाडली. "तुम्हाला काय ठाऊक?"

"मला काय ठाऊक? तो बघा, तो मिठाचं फावडं घेऊन मागे उभा आहे ना, केसाळ, तो मी आहे!"

पडद्यावर एक केसाळ तरणा पोऱ्या फावड्यावर रेलून उभा होता. एतेलव्हीना त्याच्याकडे बघत राहिली. मग ती वळली. "लुदोव्हीना," ती म्हणाली. "लुदोव्हीना कोणती यातली?"

"लुदोव्हीना? आमची प्रॉम्प्टर?" म्हातारा म्हणाला. "ती कशी दिसेल बाई? ती कॅमेऱ्याखाली बसायची."

एतेलव्हीना उठली. लोकांच्या गुडघ्यांना अडखळत, माफ करा, माफ करा म्हणत ती दाराबाहेर निघून गेली.

*

बाहेर बोळात एक लाकडी बाक होता. कुस्तोदियानं पिशवीतून मक्याचा पाव काढला, तिच्या हातात दिला आणि तिनं खाल्ला नाही तसा परत घेतला.

"सदऱ्यांना इस्त्री करता करता माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलली," एतेलव्हीना म्हणाली. "एकदा नाही. रोज. मी काय मागितलं होतं तिच्याकडे? नसेल नटी तर नसेल."

"तू किती वर्षांची होतीस पहिल्यांदा विचारलंस तेव्हा?"

"शाळेत मला पोरी चिडवायच्या. आई जळली म्हणायच्या, गादीबरोबर."

"मग? काय सांगायला हवं होतं तिनं? आई होती, पण बसायची खाली, कुणाला दिसायची नाही? रडणारं पोर अशानं गप्प होतं होय? तिनं फितीत होती त्यातली सगळ्यात देखणी उचलली आणि तुला दिली."

"खोट्याच्या कपाळी गोटा."

"तिच्या नाही बसला. तुझ्या बसला, हे वाईट झालं."

आता ती रडली. कारखान्यात बोट कापलं तेव्हा रडली नव्हती, मुलगा फ्रान्सच्या गाडीत बसला तेव्हाही नाही. पण या बाकावर, नुकत्याच सेट केलेल्या केसांनिशी, ती पोरासारखी रडली. मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "कंगवे उजेडात धरून बघायचे गं मी. कंगव्यातही नव्हती ती."

दार उघडलं. म्हातारा काठी टेकत बाहेर आला आणि न विचारता बाकावर बसला. त्याचं नाव बेल्मिरू. कंपनीतला एवढा एकच मागे राहिला होता, आणि आपण राहिलो याचं त्याला अजून नवल वाटत असावं.

"माझी जीभ आधी धावते, डोकं मागून येतं," तो म्हणाला. "त्यानंच माझी नटगिरी बुडाली. तुम्ही लुदोव्हीनाच्या?"

"मुलगी."

त्यानं मान हलवली. "तुमचे वडील लढाईवर गेले आणि आमची कंपनी आंधळी झाली. प्रॉम्प्टरशिवाय आम्ही म्हणजे काठीविना मी. तुमच्या आईला वाचता येत होतं, आणि नवऱ्यासाठी घरी वही धरून धरून सगळी नाटकं तोंडपाठ होती. ती खड्ड्यात उतरली. बाई म्हणून मालक आधी नाकं मुरडत होता. आठवड्यात त्याचं नाक सरळ झालं."

"पण फितीत कशाला प्रॉम्प्टर?" कुस्तोदियानं विचारलं. "फितीत कुठे ऐकू येतं काही?"

बेल्मिरू हसायला लागला, आणि हसता हसता खोकायला. "हेच! हेच त्या कॅमेरेवाल्यानं विचारलं! तो परका माणूस, तो म्हणाला, नुसते ओठ हलवा, काहीही बोला, कांद्याबटाट्याचे भाव बोला. लोबातू उखडला. म्हणाला, मी बटाट्याचा भाव सांगत पोरीला घरात घेऊ? शब्द बरोबर नसेल तर माझं तोंड बरोबर होत नाही. सगळ्यांचं तेच. नाटकाची माणसं आम्ही, कानात ओळ पडल्याशिवाय पाय उचलत नाही. शेवटी तुमच्या आईला कॅमेऱ्याच्या तिपाईखाली पाटावर बसवली. उन्हात. डोक्यावर ओलं फडकं. आणि तिनं आख्खा मूकपट बोलून दाखवला. कुणालाच ऐकू न जाणारा."

एतेलव्हीना त्याच्याकडे बघत होती.

"आणि तो विराम," बेल्मिरू म्हणाला. "बापाचं काळीज म्हणे. डोंबल! ओळ विसरला होता लोबातू. त्यात कानानं अधू, आणि त्या दिवशी वारा असा की तिचा आवाज पोचेना. उभा राहिला ढिम्म, तिच्याकडे बघत. फीत वाया जाते म्हणून मालक डोक्यावर हात मारून घेतोय, आणि हा वाट बघतोय! आवाज येत नाही अशा फितीत ओळीची वाट बघणारा गाढव आमच्या कंपनीतच निपजायचा."

"ती कशी होती?" एतेलव्हीनानं विचारलं. "दिसायला?"

बेल्मिरूनं काठी दोन्ही हातांत धरली. "खरं सांगू? कपाळ आठवत नाही, डोळे आठवत नाहीत. आम्ही तिच्या ओठांकडे बघायचो ना. आवाज नाही पोचला तर ओठांवरून ओळ उचलायची. बारीक ओठ. वरचा डावीकडे जरा चढलेला, बोलायच्या आधीच ओळ सुरू झाल्यासारखा." तो पुढे वाकला. "मघापासून मी तुमच्या तोंडाकडे बघतोय. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा चळलाय."

एतेलव्हीनाचा हात आपोआप तोंडाशी गेला. तिचा वरचा ओठ डावीकडे चढलेला होता. कारखान्यात सगळ्या तिला त्यावरून चिडवायच्या, कायम कुणाला तरी टोमणा मारतेय असं दिसतं म्हणून.

"कबरीवर कोंदण आहे," ती म्हणाली. "मोकळं. आता त्यात काय लावू?"

"मोकळंच ठेवा. प्रॉम्प्टर दिसला की नाटक पडलं, असं आमच्यात म्हणतात. तुमच्या आईचं एकही पडलं नाही."

एवढ्यात किंतेला बाहेर आला. हातात तो अंडाकृती पुठ्ठा होता, आणि चेहरा असा की त्यालाच कुणी सांत्वनाची दोन वाक्यं म्हणावीत. "दोना एतेलव्हीना," तो म्हणाला, "मला फार वाईट वाटतं. लुदोव्हीना हे नाव मी खोडणार नाही, जिथे हवं तिथे लिहीन. सेन्योर बेल्मिरूंनी बाकीची नावं सांगावीत म्हणून आम्ही रीळ पुन्हा लावतोय. तुम्हाला थांबायचं नसेल तर मी टॅक्सी..."

"थांबते," ती म्हणाली. "कॅमेरा नक्की कुठे होता?"

"समोर. अगदी समोर. आपण बसतो तिथूनच बघायचा तो."

"आणि त्याच्या खाली म्हणजे?"

किंतेलाला आधी समजलं नाही. मग समजलं. "पहिली रांग," तो हळूच म्हणाला. "मधली खुर्ची."

*

पहिल्या रांगेत कुणीच नव्हतं. इतक्या जवळून बघितलं की मान दुखते, म्हणून तिथे कुणी बसत नाही. एतेलव्हीना मधल्या खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर, पाय जुळवून. कुस्तोदिया एक रांग सोडून मागे बसली आणि तिच्या मागे बेल्मिरू.

मिठाचे ढीग आले. इतक्या जवळून ते ढीग राहिले नाहीत, नुसता उजेड झाला. अंगण आलं, आणि आता तिला दिसलं. फावडेवाला केसाळ बेल्मिरू बोलायच्या आधी खाली बघत होता, थेट तिच्याकडे. म्हातारी मोलकरीण बादली ठेवताना तिच्याकडे बघत होती. पाल्मिरा वळली, डोळे पाण्यानं भरलेले, आणि त्या भरल्या डोळ्यांनी तिनं क्षणभर खाली बघितलं, ओळ उचलली आणि मग तिचे ओठ हलले. एकेक जण येत होता आणि आधी तिच्याकडे बघत होता. तिच्याकडे बघून घेतल्याशिवाय त्या अंगणात कुणी तोंड उघडत नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भरवसा होता, ही आहे, ही सांगेल. आईचं तोंड तिला दिसत नव्हतं, पण आईला जे दिसलं ते सगळं दिसत होतं.

तिचे ओठ केव्हा हलायला लागले ते तिला कळलं नाही. इस्त्रीच्या वाफेत पाठ झालेल्या ओळी होत्या त्या, आपल्या आपण येत होत्या.

दार उघडून लोबातू बाहेर आला. मोठी मिशी, मिठानं पांढरे झालेले बूट. पोरीपुढे उभा राहिला. "या घरचं मीठ खाऊन तू गेलीस," त्याचे ओठ म्हणाले, आणि तिचेही. "या घरचं पाणी तू पाजलं नाहीस मला, आजारी होतो तेव्हा. आता दारात उभी आहेस..."

आणि तो थांबला.

हात अर्धा उचललेला, तोंड अर्धं उघडं. वाऱ्यानं मिशी हलत होती. त्याचे डोळे पोरीवरून सुटून खाली आले आणि एतेलव्हीनावर स्थिरावले. मोठा नट, उत्तरेला रडवणारा, आणि डोळ्यांत रस्ता चुकलेल्या पोराची काकुळती. तो वाट बघत होता. ओव्हारच्या त्या अंधाऱ्या खड्ड्यातही, डब्यात बंद, तो अशीच वाट बघत असणार.

तिनं ओळ सांगितली. दबक्या आवाजात, प्रॉम्प्टर सांगतो तशी.

लोबातू तसाच उभा. त्यानं मान किंचित पुढे काढली, कान जरासा वळवला.

"मोठ्यानं गं, लुदोव्हीना," मागच्या अंधारातून बेल्मिरूचा आवाज आला. तो थट्टा करत नव्हता. "त्याला कमी ऐकू येतं."

एतेलव्हीना खुर्चीच्या कडेवर सरकली. वरचा ओठ डावीकडे चढला, आणि तिनं सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी ती ओळ म्हटली.

"आत ये, पोरी. बाहेर गारठा आहे."

लोबातूचा चेहरा उजळला. ऐकू आलं होतं त्याला. तिच्यावरची नजर न काढता त्यानं ओळ उचलली, आणि त्या मोठ्या मिशीखाली, एकेक शब्द सुटा, त्याचे ओठ तिला म्हणाले, आत ये, पोरी, बाहेर गारठा आहे.